पाठीवर पडण्याची विद्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे जॉन सीना या अमेरिकी व्यावसायिक मल्लाने आपली अखेरची कुस्ती केली आणि ऑस्ट्रियाच्या गुंथरकडून तो हरला. आपल्या क्रीडा पानावर त्याची चार-पाच ओळींची बातमी आली आणि या कुस्त्यांचे निकाल आधीच ठरलेले असतात, या वाक्याने ती संपली. वाक्य खरे आहे. मी शाळकरी वयापासून व्यावसायिक कुस्ती पाहत आलो आहे आणि माझ्यासारख्या प्रेक्षकांना ही गोष्ट कोणी नव्याने सांगावी लागत नाही. हा कार्यक्रम चालवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकी संस्थेनेच १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर आपण मनोरंजन करतो असे मान्य केले होते, कारण तसे केले की क्रीडा आयोगाच्या नियंत्रणातून तिची सुटका होणार होती. माझे म्हणणे वेगळे आहे. निकाल ठरलेला असतो एवढे सांगितले की त्या कुस्तीविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते, आणि त्यामुळे गेली तीस वर्षे नाशिकसारख्या शहरांतल्या असंख्य घरांत पाहिल्या गेलेल्या या प्रकारावर मराठीत जाणकारीने लिहिलेले मला फारच क्वचित वाचायला मिळते.

नाटकाचा शेवट नटांना ठाऊक असतो म्हणून कालिदास कलामंदिरातला प्रेक्षक मध्यंतरात घरी जात नाही. तो शेवट कसा गाठला गेला, हे तो पाहतो आणि पुढे वर्तमानपत्रात त्याचे परीक्षणही वाचतो. व्यावसायिक कुस्तीलाही हीच कसोटी लावावी, अशी माझी विनंती आहे. मात्र नाटकात संहिता बहुतेक अक्षरशः ठरलेली असते, तर इथे पुष्कळदा फक्त शेवट आणि मधले दोन-तीन टप्पे ठरलेले असतात. बाकीची कुस्ती दोघे मल्ल पकडीत असताना एकमेकांच्या कानात कुजबुजत, प्रेक्षकांचा सूर ऐकत तिथल्या तिथे रचतात. याला अपवादही आहेत. २९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधील पाँटियाक येथे रँडी सॅवेज आणि रिकी स्टीमबोट यांची जी कुस्ती झाली, तिची प्रत्येक हालचाल सॅवेजने आधी लिहून काढून घोटून घेतली होती. दोन्ही पद्धतींचे चाहते आहेत आणि त्यांच्यात वाद होतात. मला स्वतःला जागच्या जागी रचलेली कुस्ती अधिक आवडते, पण सॅवेज आणि स्टीमबोट यांची ती कुस्ती पुन्हा पाहताना हे मत थोडे डळमळते.

या कुस्तीकडे पाहायचे कसे, हे मला आजोबांनी शिकवले. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात केबल आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळायचो, ज्यांवर प्रत्येक मल्लाची उंची, वजन, छाती, बायसेप्स आणि जिंकलेल्या कुस्त्या छापलेल्या असत, आणि आमच्या लेखी ज्याचे आकडे मोठे तोच मोठा पैलवान होता. आजोबांना त्या आकड्यांत रस नव्हता. तरुणपणी त्यांनी लाल मातीत मेहनत केली होती, जत्रेतली मैदाने पाहण्यासाठी ते गावोगाव सायकलने जात, आणि मुंबईला वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये त्यांनी दारासिंग यांना प्रत्यक्ष पाहिले होते. दारासिंग आणि महाकाय किंग काँग यांच्या लढती, १९६८ मध्ये मुंबईत दारासिंग यांनी लू थेझ या अमेरिकी मल्लावर मिळवलेला विजय, हे सगळे त्यांच्या बोलण्यात नेहमी येई. टीव्हीवर धोबीपछाडीसारखा डाव दिसला की ते खुर्चीत सावरून बसत. हे खरे की खोटे, असे त्यांनी मला कधीच विचारले नाही. ते मला पडणाऱ्याकडे पाहायला सांगत. "हनुवटी बघ, छातीला लावली का त्याने?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे.

जे लोक आज या कुस्तीची टिंगल करतात, तेच दारासिंग यांचे नाव अतिशय आदराने घेतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. दारासिंग ज्या व्यवसायात देशोदेशी फिरले तो हाच व्यवसाय होता, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने आपल्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव घातले ते याच नात्याने. त्यांच्याविषयीचा आदर योग्यच आहे. तोच आदर त्यांच्या व्यवसायातल्या इतरांना का नाकारायचा, एवढेच मी विचारतो.

आजोबांच्या त्या प्रश्नात फार मोठी गोष्ट होती, हे मला पुढे उमजत गेले. आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागतो, म्हणून आपला मल्ल जन्मभर पाठ वाचवण्याची मेहनत करतो. व्यावसायिक कुस्तीत नवख्याला सुरुवातीलाच पाठीवर पडायला शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोके मागे आपटत नाही. खांद्यांचा आणि पाठीचा शक्य तेवढा रुंद भाग एकदम टेकवायचा म्हणजे आघात एकाच हाडावर येत नाही. दोन्ही हात बाजूला जोरात आपटायचे म्हणजे आवाजही होतो आणि जोरही वाटला जातो. रिंग मऊ असते, हा समज चुकीचा आहे. लोखंडी चौकटीवर लाकडी फळ्या, त्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बसवलेले कॅनव्हास, एवढाच तो मामला असतो. त्यावर आठवड्यातून चार-पाच रात्री, वर्षानुवर्षे पडायचे आणि दुसऱ्याला पाडताना त्याची मान आपल्या हातात सुरक्षित ठेवायची, हे काम ज्याला जमते त्याला मी पैलवान म्हणतो.

या मापाने माझ्या लेखी पहिला क्रमांक ब्रेट हार्टचा आहे आणि तो गेल्या तीस वर्षांत बदललेला नाही. कॅनडातील कॅलगरी शहरात त्याचे वडील स्टू हार्ट घराच्या तळघरात तालीम चालवत आणि तिथे शिकलेल्या मुलांना वेदना म्हणजे काय हे प्रत्यक्ष ठाऊक असे. ब्रेटचा प्रत्येक घाव जीवघेणा दिसे, आणि तरीही आपल्या हातून कोणा प्रतिस्पर्ध्याला गंभीर इजा झाली नाही, याचा त्याला सर्वांत जास्त अभिमान होता. रिंगमध्ये येताना तो आपला गॉगल पुढच्या रांगेतल्या एखाद्या लहान मुलाच्या डोळ्यांवर चढवत असे. आमच्या वर्गातली बहुतेक मुले हल्क होगनच्या बाजूची होती. जुलै २०२५ मध्ये होगनचे निधन झाले तेव्हा त्याच्या लोकप्रियतेविषयी जे लिहिले गेले ते सगळे खरे होते, पण त्याची कुस्ती मी पुन्हा काढून पाहावी असे मला क्वचितच वाटते. ब्रेटच्या कुस्त्या मात्र मी आजही पाहतो.

त्यांतली एक २० मार्च १९९४ ची आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रेटसमोर त्याचाच धाकटा भाऊ ओवेन उभा होता. बारा भावंडांतले शेंडेफळ असलेला ओवेन थोरल्याच्या सावलीत वाढल्याचा राग घेऊन आला होता, आणि ब्रेटला धाकट्या भावावर हात उगारायचा नव्हता, अशी ती कथा होती. दोघांनी ती एकही लांबलचक संवाद न बोलता सांगितली. ब्रेट सुरुवातीला पकड सैल सोडतो, ओवेन उलट एक थप्पड मारतो, मग ब्रेटच्या पकडी हळूहळू आवळत जातात, आणि शेवटी ब्रेटने खांद्यावर चढून टाकलेला डाव ओवेन खाली बसून उलटवतो आणि थोरल्याला चितपट करतो. रक्त नाही, खुर्ची नाही, बाहेरून कोणाची लुडबुड नाही. भावकीतला सल इतक्या कमी साधनांत दाखवणे किती अवघड आहे, हे आपल्या नाट्यसमीक्षकांना मी वेगळे सांगायला नको.

दुसरी कुस्ती २३ मार्च १९९७ ची, शिकागोजवळच्या रोझमाँट येथील, ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची. तिचा नियम असा होता की चितपट चालणार नाही, एकाने शरण जावे लागेल. ऑस्टिन खलनायक म्हणून आत आला होता. शेवटी ब्रेटने त्याला शार्पशूटरमध्ये, म्हणजे पाय गुंतवून कंबर मागे वळवणाऱ्या पकडीत अडकवले. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त वाहत होते, तो ओरडत होता, पण त्याने हार कबूल केली नाही. तो शुद्ध हरपून पडला तेव्हा पंच केन शॅमरॉकने कुस्ती थांबवली. त्यानंतरही ब्रेट पडलेल्या माणसाला मारत राहिला. लोकांचा लाडका म्हणून आत आलेला ब्रेट हुर्यो ऐकत बाहेर गेला, आणि ज्याच्यावर लोक तोंडसुख घेत होते तो ऑस्टिन कोणाची मदत न घेता लंगडत चालला तेव्हा सगळे सभागृह त्याच्या नावाचा घोष करत होते. एकाच कुस्तीत दोन्ही पात्रे आपापल्या जागा बदलून गेली, आणि हरलेला माणूस पुढच्या काही वर्षांत या व्यवसायातले सर्वांत मोठे नाव झाला.

सीनाच्या निवृत्तीविषयी माझे मत याच कुस्तीतून आले आहे. या व्यवसायात असा संकेत आहे की निवृत्त होणाऱ्याने हरून जावे. त्याने वर्षानुवर्षे कमावलेली पत तो अशा रीतीने पुढच्या माणसाच्या ओंजळीत टाकतो. सीनाने तो संकेत पाळला, आणि त्याबद्दल त्याला दोष देणारे चाहते मला पटत नाहीत. २७ जून २००२ रोजी कर्ट अँगल या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या मल्लासमोर तो प्रथम उभा राहिला होता, त्या दिवशीही तो हरलाच होता. परंतु शेवटच्या कुस्तीत गुंथरने गळ्याभोवती आवळलेल्या पकडीत सीनाने हात आपटून हार कबूल केली. ज्या माणसाने वीस वर्षे कधीही हार मानू नका हे वाक्य आपल्या टोप्यांवर आणि शर्टांवर मिरवले, ज्याच्या या एका वाक्याकडे पाहून आजारी मुले त्याला भेटायची इच्छा धरत, त्याने अखेरच्या क्षणी हार मानावी, ही रचना मला चुकीची वाटते. गुंथरला विजय द्यायचाच होता तर ऑस्टिनसारखा शेवट करता आला असता. सीना शरण न जाता शुद्ध हरपला असता, पंचाने कुस्ती थांबवली असती, विजय तेवढाच निर्विवाद ठरला असता आणि पात्राशी प्रामाणिकपणाही राहिला असता. याच्या उलट मत असणारे जाणकारही आहेत. सीनाला अखेर ते ओझे खाली ठेवू द्यायला हवे होते, असे ते म्हणतात. या दोन मतांची चर्चा आपल्या पानावर झाली असती तर मला फार आनंद झाला असता.

अंडरटेकर या मल्लाविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याविषयी महाराष्ट्रातल्या प्रत्येक चाळीशीतल्या पुरुषाकडे काहीतरी सांगण्यासारखे असते. तो अनेकदा मरून जिवंत झाला, अशी दंतकथा आमच्याही शाळेत होती, आणि १९९६ च्या एका हिंदी चित्रपटात दिसलेला अंडरटेकर हा वेगळाच मल्ल होता, हे पटवून द्यायला पुढे बरीच वर्षे लागली. रेसलमेनिया या डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमातली त्याची सलग एकवीस विजयांची मालिका ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेस्नरने मोडली. ती मोडायला नको होती, असे माझे ठाम मत आहे. १९९८ मध्ये त्याने मिक फोलीला पिंजऱ्याच्या छतावरून खालच्या टेबलावर फेकले, ते दृश्य मोबाइलवर आजही फिरत असते. फोलीच्या धैर्याविषयी मला आदर आहे, परंतु त्या कुस्तीला मी कधीच आवडती म्हणणार नाही, कारण तिच्यामुळे अधिक उंचावरून पडणे म्हणजे अधिक चांगली कुस्ती, असे एका पिढीला वाटू लागले.

भारतीय मल्लांविषयीही स्पष्ट लिहायला हवे. २००६ मध्ये हिमाचलचा दलीपसिंग राणा, म्हणजे ग्रेट खली, अंडरटेकरसमोर उभा राहिला आणि २००७ च्या जुलैमध्ये तो जागतिक हेवीवेट विजेता झाला, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले होते आणि तो आनंद खरा होता. पण खलीला जे काम दिले गेले ते केवळ त्याच्या उंचीचे काम होते. पाठीवर पडण्याची विद्या शिकायला आणि मुरवायला जो काळ लागतो तो त्याला मिळालाच नाही, आणि त्याच्या गुडघ्यांनीही त्याला फारशी साथ दिली नाही. डिसेंबर २०११ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात एका अमेरिकी कंपनीने भारतीय मल्लांसह आखलेल्या मालिकेचे चित्रीकरण झाले आणि २०१२ च्या जानेवारीपासून ती हिंदी वाहिनीवर दिसली. एका हंगामात ती संपली. कमतरता मला तिथेही तीच दिसली: देहयष्टी होती, उत्साह होता, परंतु चार वर्षे कुठल्यातरी छोट्या सभागृहात दीडशे माणसांसमोर पडण्याची मेहनत झालेली नव्हती. याच संकुलात २०२० च्या जानेवारीत नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. त्या कुस्तीची जागा व्यावसायिक कुस्तीने घ्यावी, असे मी कधीही म्हणणार नाही. खाशाबा जाधवांच्या राज्यात मॅटवरच्या आणि मातीतल्या कुस्तीला पानभर जागा मिळालीच पाहिजे. मी मागतो आहे ती जागा मनोरंजनाच्या पुरवणीतली आहे.

आणि एक गंभीर कारण आहे, ज्यासाठी हा विषय चार ओळींत उडवू नये. शेवट ठरलेला असला तरी शरीरे खरी असतात. ज्या ओवेन हार्टविषयी मी वर लिहिले, तो २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत छतावरून दोरीने खाली उतरण्याच्या प्रवेशात, दोरीचा खटका सुटून रिंगमध्ये कोसळला आणि चौतिसाव्या वर्षी मरण पावला. कार्यक्रम पुढे चालू ठेवण्यात आला. ती गोष्ट मी आजवर विसरू शकलेलो नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये गोल्डबर्ग या मल्लाची लाथ डोक्याला लागून ब्रेटची कारकीर्द संपली आणि २००२ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. जपानचा मित्सुहारू मिसावा हा माझ्या मते पडण्याच्या विद्येतला जगातला सर्वश्रेष्ठ मल्ल होता. तो १३ जून २००९ रोजी हिरोशिमात हजारदा झेललेल्या एका फेकीनंतर उठला नाही. २००७ मध्ये क्रिस बेन्वा या मल्लाने पत्नी आणि लहान मुलाचा जीव घेऊन स्वतःला संपवले, आणि त्याच्या मेंदूच्या तपासणीत डोक्याला वारंवार बसलेल्या माराच्या गंभीर खुणा आढळल्या. डोक्यावर खुर्ची मारण्यास डब्ल्यूडब्ल्यूईने मनाई केली ती २०१० मध्ये. आजही तिथले मल्ल कंपनीचे नोकर समजले जात नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार समजले जातात. कामगार चळवळीच्या बातम्या देणाऱ्या वृत्तपत्राला हा विषय परका वाटू नये.

एप्रिल २०२५ पासून हे कार्यक्रम भारतात नेटफ्लिक्सवर आले आहेत आणि माझी मुलगी ते माझ्यासोबत पाहते. ७ एप्रिल २०१९ रोजी रेसलमेनियाची शेवटची, मानाची कुस्ती पहिल्यांदाच स्त्रियांनी केली आणि बेकी लिंचने ती जिंकली, तेव्हापासून माझी मुलगी बेकीची चाहती आहे. तिच्या वयाच्या वाचकांना या कुस्तीविषयी मराठीत काही वाचावेसे वाटले तर त्यांनी कुठे जावे?

म्हणून माझी विनंती अशी आहे की आपल्या रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा, नाटकाच्या परीक्षणाशेजारी, एका कुस्तीचे परीक्षण द्यावे. त्यात कोण जिंकले यापेक्षा कुस्ती कशी रचली, कोणी कोणाला सांभाळले, प्रेक्षकांनी तिला कुठे वळवले, याविषयी लिहिले जावे. सुरुवात १९९४ च्या ब्रेट आणि ओवेन यांच्या कुस्तीने करावी, कारण ती समजण्यासाठी मागची कोणतीही कथा ठाऊक असावी लागत नाही. ज्यांनी अशी कुस्ती कधीच पाहिलेली नाही त्या आपल्या नाट्यसमीक्षकांनीच ते पहिले परीक्षण लिहावे, असे मला मनापासून वाटते. त्यांना डावांची नावे सांगण्यासाठी कोणी हवे असल्यास मी केव्हाही येईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक